मागचा गाणारा

तुम्ही गेल्यापासून घरात एकही भांडण झालेलं नाही. समोरच्या चहाच्या हॉटेलातला राजन्ना परवा भेटायला आला आणि उठताना म्हणाला, "टीचरम्मा, तुम्हारा घर एकदम चूप हो गया." त्याचं खरं आहे. आपलं भांडण रस्ता ओलांडून त्याच्या भट्टीपर्यंत जायचं, आणि माणूस तेलुगू असला तरी ते कशावरून चाललं आहे हे त्याला बरोबर कळायचं. भाजीतल्या मिठावरून किंवा पाहुण्यांच्या मानपानावरून आपण कधी भांडलोच नाही. आपलं एकच भांडण, आवाज घुमवणाऱ्या एकोच्या बटणाचं. तुम्ही ते उजवीकडं फिरवायचं आणि मी डावीकडं.

शेवटचं भांडण मात्र तुमच्या माघारी झालं. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात तुमचं गाणं लावायचं होतं, आणि तुमचा कोणता आवाज लोकांना ऐकवायचा हे मला ठरवायचं होतं. तो एकदा लोकांच्या कानात बसला की पुढं तोच तुमचा आवाज म्हणून राहणार होता. तुम्ही असतात तर माझ्या हातून बटण हिसकावून घेतलं असतं. नव्हतात, म्हणून काय झालं ते सांगायला बसले आहे. मधे बोलू नका.

लग्न होऊन इचोड्यात आले तेव्हा तुम्ही दोघं भाऊ मिळून गायचात. तुम्ही पुढं, आणि तुमचे थोरले भाऊ चंद्रभान, म्हणजे माझे भासरे, मागं. तुम्ही ओळ म्हणायची आणि त्यांनी झील धरून तिचं शेपूट उचलायचं. किसनभाऊ ढोलकीवर. बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवसांत नार्नूर, इंद्रवेल्ली, उटनूर, जिथून बोलावणं येईल तिथं पार्टी निघायची, कधी बसच्या टपावर तर कधी कापसाच्या रिकाम्या ट्रकमधून. मी आपली घरी थांबणारी नवी नवरी. पण एका गावात माईकवाल्याचं मशीन ऐन वेळी बसलं, आणि तुम्हाला आठवलं की बायकोच्या भावाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे आणि लग्नाआधी ती तिथं बसून तारा जोडायची. मला सायकलवरून आणवलंत. मी हिरव्या लुगड्याचा पदर खोचला, मशीनचं मागचं झाकण काढलं आणि सुटलेली तार बसवली. भोंगा बोलायला लागला तशा बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. तुम्ही माईकवरून जाहीर केलंत, "मशीनवर आमची मालकीण बसली हाय. आवाज बिघडला तं मले काई बोलू नका, तिले बोलजा." त्या दिवसापासून मशीन माझ्याकडंच आलं. शाळेत मी पोरांना बाराखडी शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्या गळ्याला वाट करून द्यायचे. मला यातलं दुसरं काम जास्त आवडायचं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

भासऱ्यांची एक खोड होती. ते झील उशिरा उचलायचे. तुमची ओळ संपून हवेत विरायला लागली की मग कुठं त्यांचा आवाज यायचा. मी त्याला वरातीमागून घोडं म्हणायचे, अर्थात फक्त तुमच्यापाशी. भासऱ्याशी थेट बोलायची आपल्यात रीत नव्हती. धर्म बदलला, देव्हारा गेला, पण डोक्यावरचा पदर आणि भासऱ्यापुढची मुकी जीभ काही लवकर गेली नाही. ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे असायचे आणि मला काही सांगायचं असलं की तुमच्यामार्फत. "त्यांले सांगा, माईकच्या जवळ या म्हना." त्यांनीही ते ऐकलेलं असायचं, तरी तुम्ही सांगेपर्यंत ते हलायचे नाहीत. तुम्ही कधी मुद्दाम निरोप उलटा द्यायचात. ते माईकपासून लांब जायचे, मी मान हलवून हलवून बेजार आणि तुम्ही गालात हसत उभे.

भासरे होते तोवर आपण एकच गाणं टेप केलं. उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार होती. माझ्या भावाचा टेपरेकॉर्डर आणला होता. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मी घरातल्या सगळ्या गोधड्या भिंतींवर आणि दाराला टांगल्या. उपयोग शून्य. आपलं घर हैद्राबाद-नागपूर रस्त्याला चिकटलेलं, दर ओळीला ट्रकचा भोंगा. तुम्ही म्हणालात, "वाजू दे. ट्रकवाला कोरस देऊन राह्यला." गाणं तुमचंच होतं, पहिल्यांदा शाळेत गेलेल्या पोराचं:

पाटीवर पहिलं अक्षर, माय माही पाहे,
वाचता येईना तिले, तरी हासत राहे.

शेवटच्या कडव्याआधी भासऱ्यांना धाप लागली. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि हातानंच खूण केली, चालू दे. ते कडवं तुम्ही एकट्यानं पुरं केलंत. त्यांचा दमा जुनाच होता, पण त्या पावसाळ्यात तो त्यांना घेऊनच गेला.

त्यानंतर तुम्ही गाणं सोडलंत. कचेरीत जायचं, घरी यायचं, जेवायचं. किसनभाऊ ढोलकी काखोटीला मारून यायचा आणि गवसणी न काढता परत जायचा. ती कॅसेट तुम्ही पत्र्याच्या डब्यात टाकलीत. मी एकदा लावू का विचारलं तर म्हणालात, "टेप चिकटली असंल. राहू दे." मशीनची जाणकार मी, तरी तुमचं ऐकून गप्प बसले. गाणं परत यावं म्हणून मी काय काय केलं नाही. स्वयंपाक करताना तुमच्याच ओळी चुकीच्या चालीत म्हणायचे. वाटायचं, निदान चूक काढायला तरी तोंड उघडाल. तुम्ही उठून बाहेर जायचात.

आणि मग एका संध्याकाळी नागपूरच्या बसमधून उतरलात ते काखेत खोकं घेऊन. चपला काढायच्या आधी म्हणालात, "लाव." एकोची पेटी होती. माईक आणि मशीन यांच्यामधे ती जोडायची. तिला एक गोल बटण. पार डावीकडं असलं की पेटी मुकी. उजवीकडं न्यावं तसा आपलाच आवाज परत यायचा, आणि जितकं जास्त उजवीकडं तितका जास्त उशिरा. मी जोडून दिली. तुम्ही माईक हातात धरलात, नुसतं "राहे" म्हणालात आणि बटण फिरवत राहिलात. एका जागी थांबलात. पुन्हा म्हणालात, "राहे." थोड्या वेळानं भोंग्यातून परत आलं, राहे. माझ्या कपाटातली नेलपॉलिशची बाटली आणून तिथं लाल ठिपका लावलात. "आता हे हालवू नको," म्हणालात आणि किसनभाऊला बोलवायला अनवाणी धावत गेलात.

तुम्ही परत गायला लागलात, म्हणून त्या पेटीचे उपकार मी पहिल्या दिवशीच मानले. दुसऱ्या दिवसापासून भांडायला लागले. एको सगळेच लावतात, पण जरासा, आवाजाला भरीवपणा येईल इतपत. तुमचा ठिपका इतका पुढं की मागची ओळ परत यायची तोवर तुम्ही पुढच्या ओळीत, आणि दोन्हींचे शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडायचे. मी म्हणायचे, नाकापेक्षा मोती जड झालाय. आपली गाणी काय नुसत्या गळ्याची आहेत? शब्द पोचले पाहिजेत. ज्या बाईला वाचता येत नाही तिला तुमच्या गाण्यातूनच कळणार ना बाबासाहेब काय म्हणाले ते. तुम्ही म्हणायचात, "गानं गळ्यातून निघते, पन पोचवते तं मशीनच." मी म्हणायचे, पोचवावं, मधे नाक खुपसू नये. कार्यक्रमाआधी मी नखानं ठिपका खरवडून काढायचे. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिथं नवा ठिपका. माझी नेलपॉलिश माझ्या नखांना कधी लागलीच नाही, सगळी त्या पेटीला लागली.

एका बाबतीत मात्र आपलं एकमत होतं. वंदनेला एको नाही. त्रिशरण, पंचशील सुरू झालं की बटण पार डावीकडं, आणि ते तुम्ही स्वतः फिरवायचात. "इथं आपलं मानूस स्वतःच्या तोंडानं बोलते," म्हणायचात. मग गाण्यात काय परक्याच्या तोंडानं बोलतं, असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. तेव्हा वाटलं, मी जिंकले.

नार्नूरकडच्या त्या म्हातारीची आठवण आहे ना? दिवस मावळायला आला होता, दोनच गाणी झाली होती, आणि एक काठी टेकणारी माय दोन कप चहा घेऊन थेट स्टेजपाशी आली. एक कप तुमच्या हातात दिला आणि दुसरा धरून भोंग्याच्या मागं, पडद्याच्या मागं बघायला लागली. तुम्ही विचारलं, "कोनाले पाह्यतं, माय?"

"तुया मागं गाऊन राह्यला त्याले. त्याले बी घोटभर चहा दे नं बापा. कवाचा गाते बिचारा."

किसनभाऊला हसून हसून ठसका लागला. मी तोंडावर पदर धरला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "माहा भाऊ हाय, माय."

"मंग बाहेर काऊन नाई येत?"

"लाजते तो."

तिनं मान डोलावली, दुसरा कपही तुमच्याकडं दिला आणि "त्याले आठोनीनं देजो" म्हणून गेली. तुम्ही दोन्ही कप प्यायलात. दुसरा जरा सावकाश. पुढं कित्येक वर्षं हा किस्सा मी पाहुण्यांना रंगवून सांगत होते, आणि "माहा भाऊ हाय" ला सगळ्यात जास्त हशा यायचा. तुम्ही तेव्हा उठून पाणी प्यायला जायचात.

नवं मशीन दिसलं की तुमची नजर जत्रेतल्या पोरासारखी व्हायची. पुढं कीबोर्ड आला, त्यात ठेक्याची बटणं आयती. किसनभाऊ रुसून बसला. तुम्ही त्याची समजूत काढलीत ती अशी, की बटणं दाबायचं काम त्यालाच दिलंत. बिचारा एका बोटानं बटण दाबायचा आणि बाकीचा हात मांडीवर वाजवत बसायचा, शेवटी मांडीचा ठेका पुढं आणि मशीनचा मागं. लोकांना तेच आवडलं. राजन्ना तर टाळ्या वाजवून "बागुंदी, बागुंदी" ओरडला, आणि छान म्हणायला तो शब्द आपल्या घरात कायमचा राहायला आला. वरणाला फोडणी बरी बसली तरी तुम्ही म्हणायचात, बागुंदी.

तुमच्या आजारपणाबद्दल मी बोलणार नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. एकच विचारायचं राहिलंय. शेवटी तुमचं बोलणं बंद झालं होतं तेव्हा एका दुपारी तुम्ही दोन बोटांची चिमूट केलीत आणि हवेत उजवीकडं फिरवलीत. मी उठून पंखा वाढवला. तुम्ही माझ्याकडं बघून डोळ्यांनी हसलात. पंखाच हवा होता का हो? की तेव्हासुद्धा भांडत होतात?

आपला आनंद हैद्राबादहून आला तो वेगळ्या राज्यासाठी पुकारलेल्या बंदमधून वाट काढत, तुमचं तोंड बघायला कसाबसा पोचला. सूनही बरोबर होती. पुण्यानुमोदनाला बाबांचंच गाणं लावायचं, भाषणं कमी, हे त्यानंच ठरवलं. त्याला मी आपल्या सगळ्या कॅसेट काढून दिल्या. जयंतीच्या कार्यक्रमांच्या टेपांमधे गर्दी, शिट्ट्या आणि तुमचा तो लांबलचक एको. "आई, यात शब्दच कळत नाहीत," तो म्हणाला. मी म्हटलं, बघ, हेच मी तुझ्या बापाला आयुष्यभर सांगत होते. मग त्याला पत्र्याच्या डब्यातली कॅसेट सापडली. ती चिकटलेली नव्हती. त्यानं ती आपल्या लॅपटॉपमधे उतरवून घेतली, कानाला हेडफोन लावून सकाळपासून बसला, आणि जेवायच्या वेळेला मला हाक मारली.

त्यानं लावलं, आणि तुम्ही गायला लागलात. तरुण, एकटे, स्वच्छ. टेपची खरखर नाही, ट्रक नाहीत, एको नाही. पाटीवर पहिलं अक्षर. माय माही पाहे. एकेक शब्द निवडलेल्या तांदळासारखा. मी एवढी वर्षं जे मागत होते ते अगदी तसंच माझ्या पुढ्यात होतं, आणि तुम्ही नाही म्हणायलाही नव्हतात. मी जिंकले होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला वाटलं, तुम्हाला कुणीतरी रिकाम्या खोलीत कोंडून गायला लावलंय.

"कसं झालंय?" आनंदनं विचारलं. पोरानं एवढे कष्ट घेतले होते. मी सवयीनं म्हटलं, "बागुंदी." मग म्हटलं, "पण यात काहीतरी नाही."

"काय नाही?"

"ठाऊक नाही."

त्यानं पडद्यावरच्या हिरव्या रेघा दाखवल्या. "हे बघ, हा बाबांचा आवाज. बाकी हे सगळं काढलं मी. नुसता कचरा होता, आई."

"तुझा कचरा ऐकव मला," मी म्हटलं.

त्यानं मूळची टेप लावली. आधी खरखर. मग ट्रक. मग माझ्या बांगड्या, तेव्हा मी काचेच्या घालायचे. आणि मग एका पोरसवदा बाईचा ठसक्यातला आवाज, "त्यांले सांगा नं, झील जरा लवकर उचला म्हना." तुमचं हसू. आणि तुमच्या हसण्यामागून, जरा लांबून, दम लागलेला, समजुतीचा आवाज:

"तिले सांग, म्या आधी आयकतो, मंग उचलतो. न आयकता कसं उचलू?"

मग गाणं. तरी हासत राहे. ओळ संपली, विरायला लागली, आणि मग मागून भासरे, राहे. दुसरी ओळ, पुन्हा तसंच. तेवढ्याच उशिरानं. मला घड्याळ लागलं नाही की माप लागलं नाही. ज्या ठिपक्याशी मी अर्धा जन्म भांडले, तो ठिपका मला कानानं ओळखता येणार नाही तर कुणाला येणार? तुम्ही नागपूरहून आलात त्या संध्याकाळी बटण फिरवत फिरवत जिथं थांबलात, तिथं भासरे उभे होते.

शेवटचं कडवं आलं. ते तुम्ही एकट्यानं म्हटलंत हे मला आठवत होतं. आठवत नव्हतं ते हे, की तुम्ही दर ओळीनंतर थांबलात. भासरे खाली बसले होते, झील येणार नव्हती, तुम्हाला दिसत होतं. तरी तुम्ही त्यांच्यापुरती जागा सोडत गेलात. ओळ, आणि मग नुसती खरखर. ओळ, आणि मग एक ट्रक. मला तिथं रडू कोसळलं. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते.

आनंद घाबरला. मी सावरल्यावर त्यानं विचारलं, "हे मागचे कोण? मला वाटलं पार्टीतला कोणी तालाला कच्चा माणूस."

"तुझे मोठे बाबा," मी म्हटलं. त्याच्या जन्माआधी गेलेला माणूस, फोटोसुद्धा नाही धड एक. त्यानं शेवटचं कडवं पुन्हा लावून ऐकलं. मग हळूच म्हणाला, "शेवटच्या कडव्यातल्या जागा पण मी कापल्या, आई. तिथं काहीच नव्हतं."

"सगळं परत लाव," मी म्हटलं.

त्यानं दोनतीन बटणं दाबली आणि सगळं जिथल्या तिथं आलं. ट्रक, बांगड्या, भासरे, रिकाम्या जागा. या नव्या मशीनचा हा गुण मला फार आवडला हो. कापलेलं इतक्या सहज परत लावता येतं. तुम्हाला दाखवलं असतं तर तुम्ही दिवसभर तेच करत बसला असतात.

मग मी त्याला माळ्यावरून एकोची पेटी उतरवायला लावली. तो म्हणाला, एको लॅपटॉपमधेच आहे, एका क्लिकचं काम आहे. मी म्हटलं, असू दे, मला बटण हातात पाहिजे. पेटी उघडली, झुरळं झटकली, बटणाच्या आत स्पिरिट सोडून ते फिरवून फिरवून मोकळं केलं. त्याच्या लॅपटॉपची पिन काडीएवढी, आपल्या पेटीचं भोक बोटाएवढं. मी दोन तारा कापून एकमेकींना जोडून दिल्या. डोळ्याला आता दिसत नाही, हात मात्र विसरलेला नाही. आनंद टॉर्च धरून उभा होता. म्हणाला, "आई, तू हे मला कधी शिकवलंच नाहीस." मी म्हटलं, तू कचरा म्हणेपर्यंत गरजच पडली नव्हती.

पुण्यानुमोदनाची सकाळ. घरासमोर मांडव, समोरून ट्रक चाललेले. वंदना झाली, तेव्हा बटण पार डावीकडं होतं, बघा, विसरले नाही. दोघंतिघं बोलले. मग मी पदर खोचून मशीनपाशी जाऊन बसले. म्हाताऱ्या मास्तरणीला तिथं बसलेली बघून नव्या पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. किसनभाऊ पुढच्या सतरंजीवर, मांडीवर रिकामे हात ठेवून.

आनंदनं गाणं लावलं. मूळचं, सगळ्या कचऱ्यासकट. "त्यांले सांगा नं" ऐकून मांडव हसला. हसू दिलं. भासऱ्यांचा आवाज आला तेव्हा जुनी माणसं एकदम ताठ झाली. किसनभाऊच्या हातानं मांडीवर ठेका धरला.

शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी माझा हात बटणावर होता. ठिपका पार पुसट झालेला, पण मी बघत नव्हते. तुमची ओळ आली, तरी हासत राहे, आणि तुम्ही जागा सोडलीत. मी बटण उजवीकडं नेलं. जिथं तुम्ही थांबायचात तिथं थांबले.

राहे, मागून आलं.

तुमचाच आवाज होता, मला काही भ्रम झाला नव्हता. पण किसनभाऊनं ठेका न सोडता मान वळवली आणि तुम्ही गायला उभे असतात तर तुमच्या उजव्या खांद्यामागं जिथं भासरे असते, तिथं बघितलं. पुढची ओळ, पुन्हा राहे. एकही शब्द दुसऱ्याच्या पायात अडकला नाही. त्या गाण्यात जागा होतीच सोडलेली. पुढच्या गाण्यांत तुम्ही ती सोडली नाहीत, पेटी मात्र भासऱ्यांच्याच वेळेला बोलत राहिली, म्हणून शब्द आदळायचे आणि मी भांडायचे. तुम्ही एकदा, फक्त एकदा सांगितलं असतंत तर? सांगितलंत म्हणा. भर स्टेजवर, माईक हातात धरून सांगितलंत, माहा भाऊ हाय. सगळ्या गावात ती म्हातारी तेवढी हसली नाही.

मला वाईट वाटतं ते याचं नाही की मी भांडले. तुम्हालाही भांडण हवंच असायचं. वाईट याचं वाटतं, की भासऱ्यांना मी आयुष्यात एक शब्द थेट बोलले नाही, आणि पुढं इतकी वर्षं ते त्या पेटीतून रोज माझ्या हाताखालून जात होते तेव्हाही मी त्यांना लवकर उचला, लवकर उचला असंच म्हणत राहिले. त्या सकाळी कडवं संपल्यावर मी पदराआडून, कुणालाही मधे न घालता म्हटलं, "भाऊजी, बराबर उचललं तुमी." मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

माणसं पांगल्यावर राजन्नानं चहा पाठवला नाही, स्वतः किटली घेऊन आला. डोळे पुसत म्हणाला, "बागुंदी, टीचरम्मा. चाला बागुंदी." म्हणजे फारच छान. मी म्हटलं, अजून दोन कप भर. त्यानं विचारलं, किसके लिए? मी त्याला म्हातारीचा किस्सा सांगितला. त्यानं तो माझ्याकडून आधीही ऐकला होता, दर वेळी हसला होता. या वेळी त्यानं मुकाट्यानं दोन कप भरले आणि पेटीशेजारी ठेवले. निवले ते. तुम्हाला तसेही निवलेलेच लागायचे.

आनंद परत गेला. जाताना पेटी माळ्यावर ठेवू का म्हणाला, मी नको म्हटलं. काल सुनेकडं नेलपॉलिश मागितली, ती अजून चार दिवस इथंच आहे. तिनं आश्चर्यानं माझ्या नखांकडं बघितलं आणि बाटली दिली. मी चष्मा लावला, बटण कानानं लावून घेतलं आणि पुसट ठिपक्यावर नवा ठिपका ठेवला. सून बघत होती. म्हणाली, "आई, हा पुसला जाईल हं." मी म्हटलं, नाही जाणार. पुसणारी मीच होते.